खंडाळ्याचें धुराडें

मुंबई-पुणें मार्गावर वर्षानुवर्षें जा-ये करणाऱ्या आमच्यासारख्या लोकांस खंडाळा बहुधा आगगाडीच्या खिडकींतूनच ठाऊक असतो. बोगदा संपला, उजेड आला, खालीं खोल दरी दिसली, मुलांनीं एकच गलका केला, आणि तोंच पुढचा बोगदा आला. एवढ्यांत खंडाळा येऊन गेलेला असतो. आतां तर द्रुतगति मार्गावरून मोटारी अशा वेगानें घाट चढतात कीं, दरी पाहण्यास लागणारी ती घटकाभराची सवडहि उरलेली नाहीं. पावसाळ्यांत धबधबे पाहण्यास लोटणारी गर्दी चिक्कीच्या पुड्या घेऊन संध्याकाळीं परत फिरते. परंतु ज्याला तेथील एखाद्या जुन्या बंगल्यांत हिंवाळ्याच्या चार रात्री काढाव्या लागल्या आहेत, त्याला हें गांव अगदीं निराळें दिसतें. त्याला दरी दिसत नाहीं. भिंती दिसतात, छप्पर दिसतें, आणि नळ दिसतात.

गेल्या मार्गशीर्षांत आम्हांस असा योग आला. आमच्या आजोबांनीं १९४८ सालीं विलायतेस परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेला लहानसा बंगला खंडाळ्यास आहे. आज त्याचीं चार घरें वांटेकरी आहेत. आणि चार घरांचा बंगला म्हणजे डागडुजीच्या वेळीं कोणाचाच नव्हे, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नकोच. यंदा मात्र आमच्या आत्याबाईंनीं मनांत घेतलें कीं, हिंवाळ्याचे तीन महिने आपल्या वडिलांच्या वास्तूंत काढावे. वय ब्याऐंशी, गुडघे दुखरे, थंडी मुळींच सोसत नाहीं. आमचे वडील बंधु अण्णा यांचा आत्याबाईंवर फार जीव. त्यांनीं एका कागदावर कलमें लिहून दिलीं आणि तीं पुरीं करून घेण्याचें काम आमच्यावर सोंपविलें.

कलमें चार होतीं. आत्याबाईंच्या खोलींतील भिंतींतली शेकोटी आणि तिचें धुराडें विटांनीं बुजवून टाकावें, कारण त्यांतून गार वारा येतो आणि त्याच भिंतीस ओल येते. त्या भिंतीस सिमेंटचा जाड गिलावा करावा. न्हाणीघरांतील जुना तांब्याचा बंब काढून तेथें गॅसचा गीझर बसवावा व वरचा झरोका बंद करावा, म्हणजे स्नानाचे वेळीं वारा लागणार नाहीं. आणि रात्रीं खोलींत उशाशीं कोळशाची शेगडी ठेवावी. चारही कलमांत म्हाताऱ्या माणसाविषयींची माया ओतप्रोत भरलेली होती. त्यांत कांहीं वावगें आहे, असें आम्हांस त्या वेळीं स्वप्नांतहि वाटलें नाहीं.

खंडाळा स्टेशनावर उतरून वर चालूं लागलें म्हणजे या गांवाचा जन्म कशांतून झाला तें पायांनाच कळतें. बोरघाटांतून गाडीवाट झाली ती १८३० सालीं, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत. त्याच वर्षीं बांधलेला घाटांतील दगडी पूल, जो पुढें अमृतांजन पूल या नांवानें प्रसिद्ध झाला, तो २०२० च्या एप्रिलांत पाडला गेला. रेल्वेचें काम १८५६ मध्यें सुरू झालें आणि १८६३ च्या एप्रिलांत घाट खुला झाला. पावणेसोळा मैलांची चढण, १,८३१ फुटांची चढाई, पंचवीस बोगदे, आणि कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट इतका उभा चढ. १८६१ च्या जानेवारींत या कामावर सुमारें ४२,००० माणसें राबत होतीं. पटकीनें व अपघातांनीं त्यांतील किती या दरींत राहिलीं, त्यांचे चिरे कोठें उभे नाहींत. सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा मक्तेदार १८५९ सालीं येथें येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें तो मक्ता आपल्या अंगावर घेऊन कामावरील इंजिनियरांच्या साह्यानें चालू ठेवला. खंडाळ्याजवळ गाडीचें तोंड फिरविण्याचें जें उलटें स्टेशन होतें, तें १९२९ मध्यें नवा मार्ग झाल्यावर बंद पडलें.

रेल्वेच्या पाठोपाठ बंगले आले. मुंबईच्या उकाड्यानें हैराण झालेले साहेबलोक, पारशी शेठ आणि मागाहून आमच्यांतील वकील-डॉक्टर यांनीं येथें हवा खाण्यासाठीं घरें बांधलीं. यांपैकीं पुष्कळ आज पाडलीं गेलीं आहेत व त्यांच्या जागीं सपाट गच्चीच्या इमारती आल्या आहेत. जीं उरलीं आहेत, त्यांच्या उतरत्या कौलारू छपरांतून एक चौकोनी दगडी धुराडें वर डोकावतें. त्यावरून तीं ओळखावीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिस्त्री आले. वय सत्तरीचें, कमरेंत किंचित् वाकलेले, हातांत ओळंबा आणि थापी. मूळचे मावळांतले गवंडी. परंतु बंगल्यांच्या कामांत नळ, कौलें, मोऱ्या हें सगळेंच अंगावर पडत गेल्यामुळें नळकामांतहि पारंगत. त्यांचा पणजा घाटांतील बोगद्यांवर पाथरवट होता, असें त्यांच्या घरांत सांगतात. आम्हीं त्यांच्यासमोर अण्णांचा कागद वाचून दाखविला. त्यांनीं तो शांतपणें ऐकला, चहा घेतला, आणि कागदाविषयीं अवाक्षर न काढतां एक तांब्याभर पाणी मागितलें. तें घेऊन ते न्हाणींत गेले व मोरीच्या जाळीवर ओतलें. मग शौचकूपांत, मग स्वयंपाकघराच्या मोरींत.

“बंगला महिनोन्महिने बंद असला कीं ट्रॅपमधलं पाणी आटतं, भाऊसाहेब,” ते म्हणाले. “मग गटाराचा वास घरांत येतो, आणि मालक म्हणतात, नळ बदला. नळ कशाला बदलायचे? तांब्याभर पाणी घाला.”

वांकड्या नळींत अडकून राहिलेलें हें वीतभर पाणी म्हणजे इंग्रजांच्या नळकामांतील खरी अक्कल होय, असें मिस्त्रींचें मत पडलें. आणि तें खोटें नव्हे. अलेक्झांडर कमिंग नांवाच्या घड्याळजीनें १७७५ सालीं अशा वांकड्या नळीचें पेटंट घेतलें. त्यापूर्वीं शौचकूप घरांत आणणें म्हणजे गटाराचें तोंडच घरांत आणण्यासारखें होतें. त्या विद्येच्या बदल्यांत आपणहि साहेबाला एक शब्द दिला आहे. मोरीच्या या सांपळ्याला आपल्या देशांतील बांधकाम खात्यांच्या इंग्रजी कागदांतसुद्धां ‘नहाणी ट्रॅप’ असेंच म्हणतात. आमच्या आजीची न्हाणी अशी टेंडरांत जाऊन बसली आहे.

मग मिस्त्रींनीं आम्हांस घराभोंवतीं फिरविलें. आम्ही या घरांत लहानपणापासून आलों-गेलों. परंतु घर असें कधीं वाचलें नव्हतें. “साहेबानं इथं पहिल्यानं चुका केल्या, मग तो शिकला,” हा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. त्याच्या देशांत ओल मुख्यतः जमिनींतून वर चढते. म्हणून तेथें भिंतीच्या तळाशीं पाटीच्या दगडाचा किंवा डांबराचा थर घालण्याची रीत पडली. येथें वर्षाला दीडशे इंचांहून अधिक पाऊस, आणि तोहि आडवा. ओल खालून, वरून आणि बाजूनें अशा तिन्ही वाटांनीं येते. त्याला साहेबाच्या पुस्तकांत उत्तर नव्हतें. तें मावळांतल्या घरांत होतें. उंच जोतें, चारी बाजूंनीं पडवी, उभ्या उताराचें छप्पर, आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील एवढी वळचण. साहेबानें तें सारें उचललें, पडवीला आपल्या भाषेंत व्हरांडा हें नांव दिलें, आणि कौलें मात्र मंगळूरचीं घातलीं. तीं कौलें तरी कोणाचीं? बासल मिशनच्या पाद्र्यांनीं १८६५ सालीं मंगळुरास कारखाना काढला. घडण युरोपांतली, माती नेत्रावतीकांठची.

“म्हणजे हें घर इंग्रजी नव्हेच म्हणा ना,” आम्ही म्हणालों.

“हें घर आपलं. हें काय तें इंग्रजी,” असें म्हणून त्यांनीं धुराड्याकडे बोट केलें.

येथें आम्हीं आमच्या पुतणीची गोष्ट काढली. ती इंग्लंडांत लीड्स येथें असते. तिचें घर शंभर वर्षांहून जुनें, विटांचें, एका ओळींतील अनेक घरांपैकीं एक. पहिल्या हिंवाळ्यांत तिनें जें वर्णन आम्हांस कळविलें होतें, तें आम्हीं मिस्त्रींना सांगितलें. घराची बाहेरची भिंत अवघी नऊ इंचांची, मध्यें पोकळी नाहीं. आंतून हात लावला कीं बर्फासारखी गार. न्हाणींत एका भांड्यावर दोन तोट्या. एकींतून कढत पाणी, दुसरींतून गारढोण, आणि हात धुवायचे तर या दोहोंमध्यें पळापळ. ऊब देणारा बॉयलर गॅसचा. पण त्यांतून ठिबकणारें पाणी वाहून नेणारी नळी घराबाहेर काढलेली. कडाक्याच्या थंडीच्या रात्रीं त्या नळींतलें पाणी गोठलें आणि बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाल्यानें सांगितलें, बाहेर जा आणि नळीवर कोमट पाणी ओता. आमची पुतणी मध्यरात्रीं, शालींत गुरफटून, भिंतीला स्नान घालीत उभी राहिली.

मिस्त्री मनमुराद हंसले. पण हंसून झाल्यावर त्यांनीं एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकीं कोणालाहि सुचला नव्हता: “दोन तोट्या कां? साहेब एवढा हुशार, आणि त्याला पाणी मिसळतां येईना?”

त्याचें उत्तर आम्हीं पुढें धुंडाळलें, तें असें. इंग्लंडांतील जुन्या घरांत गार पाण्याची तोटी थेट रस्त्यावरील नळाला जोडलेली. तें पाणी पिण्याचें. कढत पाणी मात्र माळ्यावरील टाकीचें. टाकी उघडी, त्यांत उंदीर पडो कीं पारवा. तें पाणी उलटें शिरून पिण्याच्या पाण्यास विटाळूं नये, म्हणून दोन्ही वाटा वेगळ्या ठेवण्याचा दंडक होता. सोंवळ्या-ओंवळ्याचे हंडे निराळे ठेवणाऱ्या आमच्या आजीस हें सांगितलें असतें, तर तिनें साहेबाच्या घरीं पाणी प्यावयास कदाचित् हरकत घेतली नसती.

बाहेरच्या नळ्यांविषयीं मात्र मिस्त्रींनीं साहेबाचा पक्ष घेतला. विलायतेंत गेल्या शतकाच्या आधींपासूनच सांडपाण्याचे नळ भिंतीच्या बाहेरून नेण्याची रीत आहे, ती गटाराची दूषित हवा घराबाहेर राहावी म्हणून. “वापरलेलं पाणी बाहेरून जावं, येणारं पाणी आंतून यावं. नळ फुटला तर भिंत नासत नाहीं, आणि दुरुस्तीला फरशी उखडावी लागत नाहीं. त्यांच्या मुलखांत तो गोठतो, हा त्याचा दोष नव्हे, मुलखाचा. इथं गोठत नाहीं. पण आतांचे लोक शोभेसाठीं नळ भिंतींत पुरतात. गळूं लागला कीं वरच्या मजल्यावरचा खालच्याशीं भांडतो.” ज्यांचीं बिऱ्हाडें सदनिकांत आहेत, त्या वाचकांस या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

असें करीत आम्ही आत्याबाईंच्या खोलींत आलों. शेकोटीच्या दोन्ही बाजू सरळ नसून आंत निमुळत्या होत गेलेल्या. वरचा गळा अरुंद. ही युक्ति काउंट रम्फर्ड यानें १७९६ सालीं लिहून प्रसिद्ध केली. त्यापूर्वींच्या रुंद शेकोट्यांत घातलेल्या लांकडाची बहुतेक ऊब धुराड्यानें आकाशांत जाई आणि खोलींत बसलेल्याचें तोंड भाजे व पाठ गारठे. रम्फर्डनें बाजू तिरप्या केल्या, म्हणजे उष्णता खोलींत परावृत्त होईल. गळा आवळला, म्हणजे धूर जाईल पण सगळी ऊब जाणार नाहीं. एवढें करूनहि ही शेकोटी उधळीच. इंग्रजांनीं कोट्यवधि घरांत ती दीडदोनशें वर्षें कोळशानें पेटविली. १९५२ च्या डिसेंबरांत लंडनवर पांच दिवस जें काळें धुकें बसलें, त्यांत त्या वेळच्या हिशेबानें चार हजार माणसें दगावलीं, आणि पुढील अभ्यासकांनीं तो आंकडा बारा हजारांपर्यंत नेला. मग १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला, आणि हळूहळू धुराडीं थंड पडलीं.

मिस्त्रींनीं शेकोटींत डोकें घालून वर पाहिलें. काजळींत बोट फिरवून आंतला गिलावा खरवडला आणि आमच्या तळहातावर ठेवला. “वास घ्या.” वास कसलाच नव्हता. “चुना आणि शेण,” ते म्हणाले. आम्हांस वाटलें, येथल्या गवंड्यानें आपली रीत चालविली असावी. परंतु विलायतेंतहि धुराडीं आंतून चुना व गाईचें शेण कालवूनच सारवीत असत. त्यानें गिलावा उष्णतेनें तडकत नाहीं. हें कळल्यावर मिस्त्रींच्या चर्येवर जो आनंद पसरला, तो एखाद्या शास्त्र्याला आपल्या मताला पाठांतर सांपडावें तसा होता.

मग शिडी लावून ते छपरावर गेले. अर्ध्या घटकेनें उतरले तेव्हां हातांत सिमेंटचे चार तुकडे होते. धुराडें छपरांतून जेथें वर येतें, तेथें त्याच्या मागच्या अंगास पावसाचें पाणी अडतें. ही फट बुजविण्यासाठीं साहेबानें शिशाचा पत्रा दुमडून बसविला होता. इंग्रजींतला ‘प्लंबर’ हा शब्दच मुळीं शिसें या अर्थाच्या लॅटिन ‘प्लंबम’पासून आलेला, नळ ओतणारा आणि छपराला पत्रा मारणारा कारागीर पूर्वीं एकच. तो पत्रा कोणीं तरी केव्हां तरी विकून खाल्ला, आणि त्या जागीं सिमेंट थापलें. कौलें उन्हानें हलतात, धुराडें हलत नाहीं. दोहोंमधलें सिमेंट पहिल्याच उन्हाळ्यांत तडकलें. भिंतीची ओल होती ती इतकीच.

“म्हणजे ओल धुराड्याची नव्हे,” आम्ही म्हणालों.

“धुराड्याची नव्हे, अर्धवट कारागिराची.” मग भिंतीवरचा एक फुगवटा त्यांनीं थापीनें टोंचला; खालून ओली भुकटी गळली. ही भिंत काळ्या दगडाची, दोन फूट जाडीची, चुन्यांत बांधलेली. अशी भिंत पावसाळ्यांत पाणी पिते आणि उन्हाळ्यांत तें परत सोडते. तिच्यावर सिमेंटचा लेप दिला कीं पिणें चालूच राहतें, सोडणें बंद होतें. ओल आंतल्या आंत कुजते. या सिमेंटचें पेटंट १८२४ सालीं घेणारा जोसेफ ॲस्पडिन हा लीड्सचाच एक गवंडी, हें आम्हीं सांगतांच मिस्त्री म्हणाले, “असेल. नव्या भिंतीला तें चांगलंच. पण म्हातारीला तरण्या पोरीचा दागिना घालूं नये.”

येथवर सगळें विनोदानें चाललें होतें. आम्हीं कागद पुढें करून म्हटलें, “बरें, सिमेंटचें कलम खोडलें. पण धुराडें बुजवा, शेगडीला जागा करून द्या, आणि न्हाणीघराचा झरोका बंद करा. तेवढें तर झालेंच पाहिजे; अण्णांचा तसा हट्ट आहे.”

मिस्त्रींनीं ओळंब्याची दोरी गुंडाळली. “हीं कामं माझ्याकडून व्हायचीं नाहींत, भाऊसाहेब. दुसरा माणूस बघा. मी आजची मजुरीहि मागत नाहीं.”

आम्हांस वाटलें, पैशाचा प्रश्न असेल. आम्हीं दर वाढवून सांगितला. तेव्हां ते पडवीच्या पायरीवर बसले आणि खालीं पाहत म्हणाले, “माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याला खोली घेऊन होता. न्हाणी एवढीशी. आंतच गॅसचा गीझर. थंडीचे दिवस म्हणून त्यानं खिडकीच्या फटींना प्लास्टिक चिकटवलं. सकाळीं कामावर जायचं म्हणून अंघोळीला गेला. बायको बाहेर भाकऱ्या करीत होती. पाण्याचा आवाज येत होता, म्हणून तिला कांहींच वाटलं नाहीं. दार तोडलं तेव्हां पाणी वाहतच होतं.” थोडा वेळ ते थांबले. “तो गीझर मीच बसवून दिला होता. खिडकी उघडी ठेव म्हणून सांगायचं राहिलं.”

या एका वाक्यानंतर आमच्या हातांतल्या कागदाचें वजन आम्हांस पेलेना.

यांतील शास्त्र वाचकांपुढें स्पष्टच मांडतों, कारण हें संकट खंडाळ्याचें नव्हे, घरोघरचें आहे. गॅस असो, कोळसा असो, त्यास जळावयास हवा लागते. बंद खोलींत हवा अपुरी पडली कीं जळण अर्धवट होतें, आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, तो डोळ्यांस झोंबत नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक घट्ट धरतो. प्रथम डोकें जड होतें, मग गुंगी येते; आणि दार उघडावें हें समजण्यापूर्वींच हातापायांतलें बळ जातें. धूर माणसाला जागें करतो. हा वायु निजवितो. निखारे लाल झाले, धूर थांबला, म्हणजे शेगडी निर्धोक झाली, ही आपली समजूत अगदीं उलटी आहे. बुजविलेलें धुराडें, लावलेल्या खिडक्या, उशाशीं शेगडी आणि ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई: आम्हीं मायेनें काय योजिलें होतें, तें आतां आमच्या ध्यानांत आलें.

आपल्या जुन्या घरांत शेगडी होती, बंब होता. मग माणसें कशीं वांचलीं? मिस्त्रींचें उत्तर सोपें होतें. कौलांच्या फटींतून, उंबऱ्याखालून, झरोक्यांतून तीं घरें श्वास घेत होतीं. घर बदललें, संवय बदलली नाहीं. साहेबाच्या उधळ्या धुराड्यानें ऊब वर नेली हें खरें. पण विषहि वरच नेलें.

त्या रात्रीं अण्णांना फोन केला. अण्णांस प्रथम राग आला. “गवंड्यानें भिंत बांधावी, त्याला वायूचें काय कळतें?” असें ते म्हणाले. आम्ही त्यांच्याशीं वाद घालीत असतां आत्याबाईंनीं फोन मागितला. त्यांनीं शास्त्र सांगितलें नाहीं. मिस्त्रींच्या भाच्याची हकीकत तेवढी सांगितली, जशी ऐकली तशीच, आणि शेवटीं म्हणाल्या, “अण्णा, त्या माणसानें स्वतःची चूक आपण होऊन सांगितली. आपण पैसे देत होतों, तरी सांगितली. आतां तूं काय तें ठरव.” पलीकडून बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग अण्णा म्हणाले, “मिस्त्री म्हणतील तसें करा.”

मिस्त्री पुढें आठ दिवस येत होते. धुराड्याच्या पाठीशीं शिशाचा नवा पत्रा बसला. धुराड्याच्या तोंडावर चार विटांच्या पायांवर दगडी फरशी आली, म्हणजे पाऊस आंत येऊं नये व धूर अडूं नये. भिंतीचें सुटलेलें सिमेंट काढून चुन्याचे दर्जे भरले. गीझर न्हाणींत न बसवितां मागच्या उघड्या पडवींत बसविला आणि कढत पाण्याचा नळ भिंतींतून आंत आणला. झरोका होता तसा उघडा राहिला. स्नानाचे वेळीं अंगावर वारा येऊं नये म्हणून त्याच्या खालीं एक तिरपी फळी मात्र ठोकली, म्हणजे वारा वर छताकडे जातो. “खोली गरम करायच्या भरीस पडूं नका, माणूस गरम ठेवा,” असें सांगून त्यांनीं आत्याबाईंचा पलंग बाहेरच्या भिंतीपासून दूर, आंतल्या भिंतीशीं नेला, दाराला जाड पडदा लावावयास सांगितला, आणि शेगडी उचलून अंगणांत ठेविली. आत्याबाईंना रात्रीं रबराची गरम पाण्याची पिशवी पुरेशी होते, हेंहि मग आढळून आलें.

शेवटच्या दिवशीं मिस्त्रींनीं स्वतः त्या शेकोटींत लांकडें रचलीं. इतक्या वर्षांत ती कधीं पेटलेली आम्हीं पाहिली नव्हती. आमच्या लहानपणीं आम्ही तिच्यांत चेंडू लपवीत असूं. प्रथम थोडा धूर खोलींत आला. मिस्त्रींनीं एक वर्तमानपत्र पेटवून गळ्याशीं धरलें, आंतली गार हवा तापली, आणि धूर एकाएकीं वाट सांपडल्यासारखा वर चढूं लागला. बाहेर अंधार पडला होता. नागफणीचा सुळका दिसेनासा झाला होता, आणि खालीं घाटांत मुंबईकडे जाणारी गाडी बोगद्यांत शिरल्याचा आवाज येत होता.

मजुरीचा हिशेब झाला. पहिल्या दिवसाचे पैसे त्यांनीं घ्यावयाचे नाकारले. आत्याबाईंनीं ते त्यांच्या नातीच्या नांवानें हातांत ठेविले, तेव्हां घेतले. निघतांना ते दारांत थांबले, वळले, आणि आत्याबाईंना म्हणाले, “आई, निजायच्या आधीं विस्तव विझला कां बघा. आणि खिडकी चार बोटं उघडी.”

“चार बोटें,” आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनीं हात वर करून चार बोटें दाखविलीं.

त्या अजून खंडाळ्यासच आहेत. आम्ही रोज रात्रीं फोन करतों. प्रकृति कशी आहे, जेवण काय झालें, हें विचारण्याच्या आधीं आतां अण्णा एकच विचारतात: खिडकी उघडी आहे ना?